चकलीचे काटे दिसायला हवेत : घरगुती उद्योगासाठी फोटो कसे काढावेत

सांगलीतल्या एका काकूंनी चार वर्षांपूर्वी मला त्यांच्या चकलीचा फोटो पाठवला. स्टीलचा डबा, खाली फुलाफुलांचं प्लास्टिक, वर ट्यूबलाइट. मी ती चकली खाल्लेली होती. घरची भाजणी, मोजून घातलेलं मोहन, दाताखाली आली की भुगा व्हावा अशी. फोटोत मात्र ती हिरवट-काळपट दिसत होती, आणि डब्याच्या चकाकीत निम्मी हरवलेली. हाच फोटो त्यांनी दोन सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकला होता आणि खाली कुणीतरी विचारलं होतं, "जास्त तळल्या गेल्यात का?" काकू फोनवर रडवेल्या झाल्या. "अगं, एक घाणा जरी करपला तरी मी तो घरात ठेवते, विकायला काढत नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. त्याच चकल्या, त्यांचाच मोबाइल. खिडकीपाशी पाट ठेवला, वर केळीचं पान, उजेड एका बाजूनं येईल असं बसलो आणि तासाभरात सात फोटो काढले. ते फोटो त्याच ग्रुपवर गेले, तेव्हा करपल्याचं कुणी विचारलं नाही. लोकांनी भाव विचारला.

मी घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांच्या आणि बचत गटांच्या मालाचे फोटो काढते. या कामात मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दुकानात गिऱ्हाईक चकली हातात घेतं, मोडून बघतं, तुकडा तोंडात टाकतं, वास घेतं. मोबाइलवर यातलं काहीच करता येत नाही. जीभ, नाक आणि बोटं यांचं सगळं काम तिथे एकट्या डोळ्यावर येतं. म्हणून फोटो नुसता छान असून भागत नाही. गिऱ्हाइकाच्या मनातल्या प्रश्नाचं त्यात उत्तर असावं लागतं, आणि ते उत्तर खरं असावं लागतं.

चित्रावरून माल ओळखायची सवय आपल्याकडे जुनी आहे. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर देवदेवतांची, प्राण्यांची रंगीत लेबलं चिकटवलेली असत. ज्याला अक्षरओळख नाही तोही चित्र बघून आपलं नेहमीचं कापड मागून घेई. 'घोडा छाप', 'मोर छाप' म्हणायची पद्धत याच व्यवहारातली. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी गेल्या. तेव्हा त्यासाठी शिळाछापाची यंत्रं लागत. आज खिडकी आणि मोबाइल पुरतो, पण पद्धत लागतेच. ती पद्धत पुढे सांगते. उदाहरणं बहुतेक फराळाची आहेत, कारण ते काम मी सगळ्यात जास्त केलंय.

पहिली पायरी : मोबाइल बाजूला ठेवा, वही घ्या

मागच्या हंगामातले व्हॉट्सॲपचे संवाद उघडा आणि गिऱ्हाइकांनी काय काय विचारलं ते जसंच्या तसं लिहून काढा. काकूंच्या यादीत हे निघालं : चकली केवढी असते? पाव किलोत किती बसतात? तेलकट आहे का? खुसखुशीत आहे की कडक? तिखट किती? पॅकिंग कसं? पुण्याला पाठवलं तर मोडणार नाही ना? किती दिवस टिकेल? करता कुठे, घरी की कारखान्यात?

ही यादी म्हणजेच फोटोंची यादी. 'केवढी असते' याला उत्तर म्हणजे तळहातावर ठेवलेली एक चकली. 'पाव किलोत किती' याला वजनकाट्यावरची थाळी, काट्यावरचा आकडा वाचता येईल अशी. 'मोडणार नाही ना' याला खोका उघडा ठेवून आतला थर न थर दाखवणारा फोटो. 'तेलकट आहे का' याला पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या चकल्या, आणि त्या उचलल्यावर राहिलेला कोरा कागद. हा शेवटचा फोटो काकूंना स्वतःलाच सुचला. त्यांच्या सगळ्या फोटोंत तो मला सर्वांत जास्त आवडतो.

यादी न करता फोटो काढायला बसलं की आपण एकाच ताटाचे चाळीस फोटो काढतो आणि चाळीसही तेच सांगतात.

दुसरी पायरी : उजेड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. उजेड जमला तर साधा मोबाइलही सुरेख काम देतो. उजेड चुकला तर महागाचा कॅमेराही हात टेकतो.

घरातली मोठी खिडकी शोधा, जिथून उजेड भरपूर येतो पण ऊन थेट आत पडत नाही. उत्तरेची खिडकी असेल तर उत्तम, तिथे ऊन जवळजवळ येतच नाही. पूर्वेची असेल तर दुपारी काम करा, पश्चिमेची असेल तर सकाळी. ऊन पडतच असेल तर खिडकीला जुनं पांढरं धोतर किंवा पातळ सुती चादर बांधा. उन्हाची धार जाते आणि मऊ, पसरट उजेड उरतो. खोलीतले दिवे बंद करा, तेही सगळे. दिव्याचा पिवळेपणा आणि खिडकीचा निळसरपणा एकत्र आले की मोबाइल गोंधळतो आणि पदार्थाला तो रोगट रंग येतो. काकूंच्या पहिल्या फोटोतला हिरवेपणा ट्यूबलाइटचा होता.

पाट खिडकीपासून दोन-अडीच फुटांवर ठेवा. उजेड तुमच्या पाठीमागून येऊ देऊ नका, बाजूनं येऊ द्या. कारण सोपं आहे. चकलीचे काटे, करंजीची मुरड, शंकरपाळ्यांचे पापुद्रे हे सगळं दिसतं ते सावलीमुळे. बाजूनं उजेड आला की प्रत्येक काट्याची एक बाजू उजळते, दुसरीवर बारीक सावली पडते आणि काटा उठून दिसतो. समोरून उजेड आला, किंवा मोबाइलचा फ्लॅश मारला, की सावली पुसली जाते आणि चकली सपाट वेटोळं दिसते. फ्लॅश कायमचा बंद करून टाका.

खिडकीच्या उलट्या बाजूची सावली फार काळी वाटली तर तिकडे थर्माकोलचा पांढरा तुकडा किंवा कार्डशीट उभं करा. उजेड त्यावर आपटून परत येतो आणि सावली हलकी होते. कार्डशीट पुढे-मागे सरकवून बघा. हाताच्या अंतरानं फोटो किती बदलतो ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही.

ढगाळ दिवसाला नावं ठेवू नका. श्रावण-भाद्रपदातलं आभाळ म्हणजे फुकट मिळालेला भलामोठा पांढरा पडदा. दिवाळीच्या फराळाचे फोटो मी याच दिवसांत काढून घेते. थोडं पीठ, थोडं तेल, प्रत्येक पदार्थाचा एकच घाणा. आश्विनात कढई एकदा चढली की फोटोसाठी कुणाला फुरसत नसते, आणि परदेशी पार्सलं जायची तर ऑर्डरी त्याच्या कितीतरी आधी याव्या लागतात. न्यू जर्सीतली लेक फराळाचं ठरवते तेव्हा तुमच्याकडे दाखवायला फोटो तयार हवा.

तिसरी पायरी : मोबाइल

लेन्स पुसा, सुती कापडानं. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या मोबाइलच्या लेन्सवर तेलाच्या बोटांचे ठसे असतात आणि फोटोवर धुकं धरल्यासारखं दिसतं. माझ्याकडे 'कॅमेरा खराब झालाय' म्हणून आलेले कितीतरी मोबाइल नुसते पुसल्यावर बरे झाले.

सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेघा चालू करा, म्हणजे ताट तिरकं येत नाही. पदार्थावर बोट टेकवा, म्हणजे फोकस तिथे बसतो. बोट थोडा वेळ दाबून धरलं की बऱ्याच मोबाइलमध्ये फोकस आणि उजेड तिथेच अडकून राहतात. मग शेजारची खूण खाली ओढून उजेड किंचित कमी करा. पांढरी वाटी भगभगीत होऊ लागली की रव्याच्या लाडवाचे कण दिसेनासे होतात.

दोन गोष्टी टाळा. बोटांनी चिमटीत धरून झूम करू नका, स्वतः पुढे सरका. आणि मागचं आपोआप धूसर करणारा पोर्ट्रेट मोड पदार्थांसाठी वापरू नका. चकलीच्या काट्यांच्या कडा त्याला नीट ओळखता येत नाहीत, तो त्या खाऊन टाकतो.

हात थरथरत असेल तर मोबाइल डब्यांच्या चळतीला टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा.

चौथी पायरी : खाली काय, मागे काय

आपल्या फराळाची एक अडचण आहे. चकली, कडबोळी, शेव, चिवडा, शंकरपाळे, बेसनलाडू, सगळे पिवळ्या आणि तपकिरी रंगाच्या छटांमध्येच. त्यांना पितळी ताटात घालून तपकिरी टेबलावर ठेवलं की फोटोभर एकच रंग पसरतो. म्हणून खालचा रंग विरोधी घ्या. केळीचं पान, गडद निळं किंवा राखाडी सुती कापड, काळा दगडी पाटा, पांढरी चिनी मातीची बशी. पितळेचा मोह झालाच तर एखादी छोटी वाटी कडेला असू द्या.

फुलाफुलांचं, चौकटीचौकटीचं कापड नको. झगमगीत वर्ख, रांगोळी, पणत्या, झेंडू, आकाशकंदील असं सगळं एकाच फोटोत कोंबू नका. दिवाळी आहे हे सांगायला एक पणती पुरते. गिऱ्हाइकाची नजर आधी चकलीवर पडली पाहिजे, पणतीवर पडली तर ती पणती काढून घ्या.

स्टील शक्यतो टाळा. त्यात खिडकी दिसते, छत दिसतं, मोबाइल धरलेले तुम्हीही दिसता. प्लास्टिकच्या पिशवीचंही तेच. पिशवीतला माल दाखवायचाच असेल तर पिशवी थोडी तिरकी करत राहा. एका ठरावीक कोनात चकाकी नाहीशी होते आणि आतलं दिसू लागतं. खिडकी आणि पिशवी यांच्या मध्ये बटर पेपर धरला तर आणखी सोपं जातं.

पाचवी पायरी : ज्याचा त्याचा कोन

सगळे पदार्थ एकाच कोनातून काढू नयेत. प्रत्येक पदार्थाचं जे कौतुक असतं ते कुठून दिसतं, हे आधी बघावं.

चकलीला पंचेचाळीस अंशांचा कोन, म्हणजे जेवायला बसल्यावर ताट दिसतं तसा. एक अख्खी, एक मोडलेली. मोडलेली फार महत्त्वाची. चांगल्या चकलीला आत नळी पडलेली असते, ती पोकळी दिसली की जाणकार बाई दुसरं काही विचारत नाही. शेजारी पडलेला चुरा झाडून टाकू नका. खुसखुशीतपणाचं खरं प्रमाणपत्र तोच चुरा आहे.

अनारशाचं कौतुक जाळीत. जाळी दाखवायची तर उजेड मागून यायला हवा. अनारसा दोन बोटांत धरून खिडकीकडे करा, खिडकी त्याच्या मागे. जाळीच्या भोकाभोकांतून उजेड झिरपतो आणि खसखशीचे दाणे कडेला चमकतात. हा फोटो पहिल्यांदा जमला तेव्हा मी काकूंना हाक मारून बोलावलं होतं. त्या नुसत्या बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "सहा दिवस तांदूळ आणि पीठ सांभाळलं, ते इथे दिसलं बघ."

लाडू समोरून, मोबाइल लाडवाच्या उंचीवर आणून. वरून काढला तर नुसता गोल ठिपका दिसतो. एक लाडू फोडा. बेसनाचा असेल तर आतला रवाळपणा आणि तुपाची चमक दिसते, डिंकाचा असेल तर फुललेला डिंक. करंजीची मुरड बाजूच्या उजेडात, जवळून. साट्याची असेल तर एक हलकेच दाबून पापुद्रे सुटू द्या.

चिवडा अवघड. ताटात पसरला की नुसता पसारा दिसतो. तो मुठीत घ्या किंवा पळीतून सांडताना धरा, आणि काजू, खोबऱ्याचे काप, कढीपत्ता वर दिसतील असे दोन-चार हातानं लावून घ्या. पिशवीत जेवढे काजू असतात त्याच हिशेबानं लावा. फोटोत वीस आणि पुडीत चार असं झालं की ते गिऱ्हाईक कायमचं गेलं, आणि जाताना चार जणांना सांगून जातं.

कांदा-लसूण मसाला, लाल तिखट यांचा रंग मोबाइलला झेपत नाही. तो लालभडक, रंग मिसळल्यासारखा येतो आणि पुडीचा ढीग एकसलग डाग वाटतो. मोबाइलमधला उजेड आणखी थोडा खाली ओढा, ढीग चमच्यानं थोडा विस्कटा, शेजारी अख्ख्या सुक्या मिरच्या ठेवा. मग फोटोतला रंग आणि समोरचा रंग ताडून बघा. लोणच्याच्या बरणीला मागून उजेड द्या, तेल आणि फोडी आतून उजळतात.

फराळाबाहेरचं एकच उदाहरण देते, कारण तेही असंच शिकवणारं आहे. हातमागावरची पैठणी विकणाऱ्या बाईला मी पदराची उलटी बाजू दाखवायला सांगितलं. हातानं विणलेल्या पैठणीचा मोर मागूनही तसाच स्वच्छ दिसतो, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. सुलट बाजूचे दहा फोटो जे सांगू शकत नव्हते ते उलट बाजूच्या एका फोटोनं सांगितलं. शिवाय धूपछाव साडीचा रंग कोनाकोनाला बदलतो. तो एकाच फोटोत दाखवला तर पार्सल उघडल्यावर 'रंग वेगळा आला' ही तक्रार ठरलेली. निदान दोन कोन हवेत, आणि एक फोटो अंगणात, सावलीत.

सहावी पायरी : हात

बहुतेक जणी इथे मागे सरतात. "माझा नको गं काढू." चेहरा नको तर नको, हात तरी येऊ द्या. सोऱ्या फिरवणारे हात, करंजीला मुरड घालणारी बोटं, भाजणी चाळताना उडालेलं पीठ. घरगुती मालाला जास्त पैसे मोजणारा माणूस नेमक्या याच गोष्टीसाठी मोजतो. बांगड्या, मनगटावरचं पीठ, नेहमीची सुती साडी आहे तशी राहू द्या. केस बांधलेले, डोक्याला टोपी किंवा रुमाल, ओटा पुसलेला एवढं मात्र बघा. फोटोच्या कोपऱ्यातलं ओलं फडकं आपल्याला दिसत नाही, गिऱ्हाइकाला पहिलं तेच दिसतं.

मदतीला येणाऱ्या बायकांचे फोटो त्यांना विचारून काढा आणि कुठे टाकणार तेही सांगा. एकीनं मला स्पष्ट सांगितलं होतं की गावाकडच्यांना ती हे काम करते ते माहीत नाही. तिचा हातसुद्धा आम्ही कुठे वापरला नाही.

सातवी पायरी : पंधरा सेकंदांचा व्हिडिओ

चकली मोडल्याचा आवाज फोटोत येत नाही, म्हणून व्हिडिओ. पंखा, मिक्सर, टीव्ही बंद. मोबाइल उभा, चकलीपासून वीतभर अंतरावर. मोडा. बस. गाणं लावून तो आवाज झाकू नका. सोऱ्यातून चकली तेलात सुटते तो क्षण, लाडू वळताना फिरणारा तळवा, अनारसा तळताना वर येणारी जाळी, हे प्रत्येकी पंधरा-वीस सेकंदांचे तुकडे हंगामभर पुरतात. सुरुवातीला नमस्कार-चमत्कार, नाव, पत्ता यात वेळ घालवू नका. लोक दोन सेकंदांत बोटानं वर सरकवतात. पहिल्याच चित्रात कढई हवी.

आठवी पायरी : थोडीशी डागडुजी

स्नॅपसीड हे फुकट ॲप पुरेसं आहे. क्रम असा ठेवा : आधी तिरपेपणा काढा, मग नको ते कापा, मग पांढरा रंग पांढरा दिसेपर्यंत रंगछटा सुधारा, शेवटी गडद भाग थोडे उजळा. इथे थांबा. रंग भडक करणाऱ्या पट्टीला हात लावू नका. चकली केशरी दिसायला लागते आणि पार्सल उघडणाऱ्याचा विरस होतो. मी बशीत एक पांढरा कागद ठेवून पहिला फोटो काढते. तो कागद पांढरा दिसतो म्हणजे बाकीचे रंगही ठिकाणावर आले.

कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेल्या चित्रांबद्दल आता दर वर्कशॉपमध्ये विचारलं जातं. भाव, तारीख टाकायच्या पोस्टरची नक्षी त्यातून करून घ्या, हरकत नाही. पदार्थ मात्र तुमचाच हवा. त्या चित्रांतली चकली कुणी तळलेलीच नसते, आणि जे तुमच्या कढईत झालं नाही ते दाखवून पैसे घेणं ही फसवणूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंड नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

नववी पायरी : फोटोवरची मराठी अक्षरं

याची मला चांगलीच किंमत मोजावी लागलीय, म्हणून जरा थांबून सांगते. एका गटाच्या चिवड्याची लेबलं छापायला दिली होती. मजकूर मी व्हॉट्सॲपवर पाठवला, छापखान्यातून नमुना व्हॉट्सॲपवरच आला, मी तो मोबाइलवर बघून होकार कळवला. दोन हजार लेबलं आली आणि त्यावर 'चिवडा'ची वेलांटी सरकून 'चविडा' झालं होतं. 'दर्जेदार'मधला रफार सुटून र् आणि जे वेगळे पडले होते. पैसे गटाचे होते, आणि तो गट पाच-पाच रुपयांचा हिशेब ठेवणाऱ्या बायकांचा होता.

असं का होतं ते समजून घ्या. चित्रं करण्याच्या काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सेटिंग चालू नसेल तर वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं जागेवर बसत नाहीत. काही छापखान्यांत अजून जुने, युनिकोडपूर्व (मोबाइलवरची आजची अक्षरपद्धत येण्याआधीचे) फाँट आहेत. त्यात आपला मजकूर थेट उतरत नाही, मग तो हातानं पुन्हा टाइप होतो आणि चुका शिरतात. म्हणून नमुना कागदावर मागवा, मोठ्यानं वाचा, आणि ज्यानं तो मजकूर आधी पाहिला नाही अशा माणसाला वाचायला द्या. घरी कॅनव्हासारख्या ॲपमध्ये करणार असाल तर मुक्त आणि मोफत मराठी फाँट आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट घडवणाऱ्या संस्थेनं केलेले मुक्ता आणि बलू दोन्ही लहान आकारातही वाचता येतात.

फोटोवर अक्षरं थोडी ठेवा : पदार्थाचं नाव, वजन, भाव, कधीपर्यंत ऑर्डर द्यायची. ती पदार्थावर चढवू नका, मोकळ्या जागेत ठेवा. फोटो काढतानाच एका बाजूला रिकामं कापड सोडून ठेवलं की ही जागा आपोआप मिळते. भाव लपवून 'इनबॉक्समध्ये विचारा' असं लिहू नका. विचारायला लाजणारी माणसं बरीच असतात.

दहावी पायरी : कुठे कोणता फोटो

व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये एका वस्तूला दहापर्यंत फोटो लावता येतात. पहिला अख्ख्या पदार्थाचा, चौकोनी. मग मोडलेला, मग हातावरचा, वजनकाट्यावरचा, पॅकिंग, आणि लेबलची मागची बाजू. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. छपाईसाठी कुणाला मूळ फोटो पाठवायचा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

इन्स्टाग्रामला उभा फोटो जास्त जागा घेतो, १०८० बाय १३५० पिक्सेल धरा. रीलसाठी १०८० बाय १९२०. मुख्य गोष्ट मध्यभागी ठेवा, कारण प्रोफाइलवर कडा कापल्या जातात. ॲमेझॉनवर विकायचं असेल तर पहिल्या फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, वस्तूनं निदान ८५ टक्के जागा व्यापायला हवी, आणि लांब बाजू १००० पिक्सेलच्या वर असली तरच गिऱ्हाइकाला झूम करून बघता येतं. तिथे केळीचं पान चालत नाही, ते दुसऱ्या-तिसऱ्या फोटोत घाला. गूगलच्या नकाशावर तुमची नोंद असेल तर बाहेरून घर किंवा दुकान कसं दिसतं, गल्ली कुठून वळते, याचाही फोटो टाका. माल न्यायला येणारा माणूस शेवटच्या शंभर पावलांत चुकतो.

वेबसाइटवर किंवा इन्स्टाग्रामवर फोटो टाकताना त्याचं वर्णन लिहायची जागा असते. दृष्टिहीन माणसाचा मोबाइल ते वर्णन वाचून दाखवतो. 'फोटो १' असं लिहू नका. 'केळीच्या पानावर पाच भाजणीच्या चकल्या, एक मोडलेली' असं लिहा.

लेबलचा फोटो वाचता येईल असा काढा : हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, किंमत, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, घटक, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक. हे झाकायचं काही नाही, उलट पुढे करायचं आहे.

अकरावी पायरी : दुसऱ्याचा फोटो नको, आपला हरवू नका

इंटरनेटवरून उचललेला फोटो वापरू नका. कॉपीराइट कायदा, १९५७ फोटोंनाही लागू आहे. आणि तुम्ही पैसे देऊन कुणाकडून फोटो काढून घेतलेत, वेगळा काही करार केला नाही, तर त्या फोटोचा पहिला मालकी हक्क तुमचा असतो. तरी फोटोग्राफरकडून मूळ फाइली त्याच दिवशी मागून घ्या. आणि तुमचा फोटो दुसऱ्याच्या पानावर दिसला तर दाखवायला तारखेसकट मूळ फाइल लागते. प्रत्येक हंगामाचं वेगळं फोल्डर करा, नावात साल आणि पदार्थ लिहा, आणि एक प्रत मोबाइलच्या बाहेर ठेवा. मोबाइल तेलाच्या कढईत पडलेली एक बाई मला माहीत आहे, त्यात तिचे तीन वर्षांचे फोटो गेले.

हे सगळं एकदाच करून भागत नाही, पण दरवर्षी पहिल्यापासूनही करावं लागत नाही. वही जपून ठेवा. फोटो टाकल्यावरही लोक जे विचारत राहतात ते तिच्यात लिहीत चला. काकूंना गेल्या दिवाळीत तिघांनी एकच गोष्ट विचारली : चिवड्यात लसूण असतो का? त्या चिवड्यात लसूण घालतात, आणि पंधरा फोटोंत एकातही तो दिसत नव्हता. या श्रावणात पहिला फोटो तळलेल्या लसणाच्या पाकळ्यांचा काढायचा आहे, आणि बिनलसणाच्या चिवड्याच्या पुडीला वेगळ्या रंगाची दोरी बांधायची आहे.